वगळलेलं सहावं प्रकरण

प्रमिलाताई,

तुमच्या लेकीने, वैशालीने, तुमच्या स्मरणिकेसाठी एक पान मागितलं आहे. एका पानात बसवायची सवय मला आहे, कारण साहेब लोक अहवालाचा सारांश तेवढाच वाचतात. पण हे एका पानात बसणार नाही, आणि लिहून झाल्यावर वैशालीला ते छापावंसं वाटेल की नाही, हेही मला ठाऊक नाही. तुमचा जन्म कुठला, नर्सिंग कुठे शिकलात, पोलादपूरच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर किती वर्षं काढलीत, हे सगळं ती स्वतः लिहिते आहे. मला सांगायचं आहे ते तुमच्या नोकरीतलं नाहीच. निवृत्त झाल्यावर तुम्ही माझ्याबरोबर जे काम केलंत, त्यातलं आहे.

आधी तेच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुद्दा राहून जाईल. आपल्या अहवालातलं सहावं प्रकरण आरोग्य खात्याने काढलं नव्हतं. मी काढलं. खात्याकडे ते पोहोचलंच नाही. तुम्हाला मी सांगितलं की वरून काढायला लावलं, आणि तुम्ही ते मानलंत, निदान मानल्यासारखं केलंत. चार वर्षं तुम्ही खात्याच्या नावाने बोटं मोडलीत आणि मी समोर बसून चहा पीत राहिले.

आता स्मरणिका वाचणाऱ्यांना हे काय प्रकरण आहे ते कळायला हवं, म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्हाला सगळं पाठ आहे. कंटाळा आला तर नेहमीसारखं मध्येच उठून भांडी आवरायला जा.

सरकारला एखादी गोष्ट समजत नसली की सरकार अभ्यास करवून घेतं. त्याची एक रीत आहे. खात्यात टिपणी होते, मग कार्यकक्षा ठरते, म्हणजे काय शोधायचं आणि काय शोधायचं नाही, हे शोधणारा माणूस नेमण्याआधीच लिहून तयार असतं. मग आमच्यासारख्या संस्था दोन लिफाफे पाठवतात, एकात काम कसं करणार ते, दुसऱ्यात केवढ्यात करणार ते. ज्याला काम मिळतं त्याला पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात, आणि शेवटचा हप्ता अहवाल 'स्वीकृत' झाल्यावर. आमच्या संस्थेत आमचे पगारही असेच एका अभ्यासावरून दुसऱ्यावर उड्या मारत चालतात. यात कुणी चोर नसतो. सगळे आपापल्या टेबलावरचं काम नीट करत असतात.

आपल्या अभ्यासाचं नाव होतं, 'डोंगराळ भागातील महिला प्रसूतीसाठी आरोग्य केंद्रात न येण्यामागील सामाजिक व सांस्कृतिक कारणे'. पोलादपुराकडच्या वाड्या माहीत असलेलं कुणीतरी मला हवं होतं. माझी आई म्हणाली, त्या डोंगरात प्रमिला सिस्टरना विचारल्याशिवाय मांजरसुद्धा वीत नाही. म्हणून आपण महाडच्या एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये भेटलो. तुम्ही चष्मा लावून ते नाव दोनदा वाचलंत.

"कारणं सामाजिक हायत हे आधीच ठरलंय," तुम्ही म्हणालात. "मग शोधायचं काय गो?"

"ताई, कार्यकक्षेत तसंच आहे."

"कार्यकक्षा कुणी लिवली? तो कधी वर आलावता?"

मी हसून विषय बदलला. तेव्हापासून 'कार्यकक्षा' हा तुमचा आवडता शब्द झाला. मी वडापावबरोबर मिरची नको म्हटलं तरी तुम्ही म्हणायचात, नाय, तिच्या कक्षेत बसत नाय.

कामाचा आदेश निघाला जानेवारीच्या अखेरीस. तो नेहमीच तेव्हा निघतो. पैसे एकतीस मार्चच्या आत खर्ची पडायला हवेत, म्हणजे प्रश्नावली छापणं, माहिती भरायला मुली नेमणं, त्यांना शिकवणं आणि वाड्या फिरणं हे सगळं दोन महिन्यांत. मी पुण्यात बसून तक्ता केला, कुठल्या दिवशी कुठली वाडी. तो तुमच्या हातात दिला तेव्हा तुम्ही एका ओळीवर बोट ठेवलंत. वीस मार्चला मी बौद्धवाडी धरली होती.

"या दिवशी तिथं कुत्रंसुद्धा भेटायचं नाय. सगळी तळ्यावर असणार. मी पण."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी महाडची. माझे वडील महाडच्या कोर्टात कारकून होते, आमच्या घरापासून चवदार तळं हाकेच्या अंतरावर. लहानपणी वीस मार्चला आमच्या गल्लीतून माणसांच्या रांगा जाताना मी खिडकीत बसून बघायचे, आणि आई पिंपात पाणी भरून दारात ठेवायची. आणि तीच मी त्या दिवशी त्या वाडीतल्या बायकांना घरी गाठायला निघाले होते. आमच्या नियमाप्रमाणे घर बंद असेल तर शेजारचं घर घ्यायचं असतं. सबंध वाडी बंद असती तर तिच्याऐवजी दुसरी वाडी आली असती, आणि कागदावर काही चुकलंय असं कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तुम्ही रागावला नाहीत. पेनाने वीसची बावीस केलीत आणि म्हणालात, "तू पुण्याला जाऊन पुण्याचीच झालीस गो मंजे." ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मोठी चूक मात्र पुढे झाली, आणि ती आम्ही बाहेरच्यांनी केली असं म्हणायची सोय नाही. ती तिथल्याच बायकांनी केली आणि तुम्ही धरलीत.

प्रश्नावलीत सतरावा प्रश्न होता, उपकेंद्रापर्यंत चालत किती वेळ लागतो. बायका सांगत होत्या पाव तास, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. खोटं कुणीच बोलत नव्हतं. मार्चात ओढे आटलेले असतात. भातखाचरं उतरून ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेलं की उपकेंद्राचं छप्पर दिसतं. आपल्याकडे वाट विचारली की माणूस आज ज्या वाटेने चालतो ती वाट सांगतो. उन्हात उभं राहून श्रावणातली वाट कोण सांगेल? मुली भराभर टॅबवर आकडे भरत होत्या, मी पुण्याला रोज ते बघून खूश होत होते. अंतर हे कारण नाही, असं पहिल्याच आठवड्यात दिसायला लागलं होतं. आणि अंतर नाही म्हटल्यावर उरतात ती सामाजिक व सांस्कृतिक कारणं. खात्याला जे हवं होतं ते आपोआप आकड्यांतून वर येत होतं.

मग मी काम बघायला कापडे गावी आले. तिथे आपण मुक्कामाला होतो त्या घराच्या पडवीत तुम्ही संध्याकाळी चहा घेत मुलींकडून नावं ऐकत होतात. एका नावावर तुम्ही कप खाली ठेवलात.

"ही कुठली पाव तास? ही माझ्याकडं दुपारची निघून दिवेलागणीला पोचलीवती. श्रावणात. वर डोंगराच्या धारेपर्यंत चढायचं, तिकडच्या साकवावरनं ओढा पार करायचा आन परत खाली उतरायचं. पोट पुढं घेऊन."

मी म्हटलं, "पण ती स्वतःच पाव तास म्हणाली."

"तू इचारलंस कवा? मार्चात. तिनं मार्चाचं सांगितलं."

"पैसे मार्चात संपवायचे असतात, ताई."

"मग बायांनी बाळंत पण मार्चातच व्हायचं काय? तसं एक पत्र काढा वरनं."

मुली खो खो हसल्या. मीही हसले. आणि प्रश्नावली तशीच पुढे चालू राहिली, कारण ती मंजूर झालेली होती आणि तिच्यात एक ओळ वाढवायची तर परत समितीपुढे जावं लागलं असतं.

तुम्ही ऐकणाऱ्यातल्या नव्हतात. जुलैत आषाढ भरात असताना तुम्ही उपकेंद्राखालच्या अकरा वाड्या चालून काढल्यात. एकट्या. त्या वेळी तुम्ही आमच्या कामावर नव्हतात, तुमचं मानधन मार्चात संपलं होतं. कुणाचा आदेश नाही, कुणाची परवानगी नाही. आणि नुसत्या चालला नाहीत. तुमचं म्हणणं, मी अजून तरातरा चालते, माझ्या चालीचा काय उपयोग? म्हणून तुम्ही जुन्या लुगड्याने पोटाला तांदळाची पिशवी बांधलीत, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळलात, आणि पोटुशी बाई जिथे टेकते तिथे टेकत, जिथे धाप लागते तिथे थांबत, घड्याळ बघत चाललात. वाटेत भाताची लावणी करणाऱ्या बायकांनी विचारलं म्हणे, "सिस्टर, कितवा?" तुम्ही म्हणालात, "नववा भरलाय. बाजूला व्हा."

ते कागद घेऊन तुम्ही एसटीने महाडला आलात, मी तेव्हा आईकडे आले होते. लसीकरणाच्या जुन्या तक्त्यांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेलं, प्लास्टिकच्या पिशवीत. प्रत्येक वाडीपुढे दोन रकाने, उन्हाळ्याचा वेळ आणि पावसाळ्याचा वेळ. एका वाडीपुढे पावसाळ्याच्या रकान्यात आकडाच नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'ओढा उतरेपर्यंत. सांगता येत नाही.'

त्यावरून आपलं भांडण झालं, आठवतं? मी म्हटलं, ताई, इथे मिनिटं लागतील. संगणक शब्द घेत नाही. तुम्ही म्हणालात, मग त्याला सांग घ्यायला. मी म्हटलं, 'माहीत नाही' साठी अठ्ठ्याण्णव हा आकडा असतो, तो टाकते.

"म्हाईत नाय असं नव्हं. मला म्हाईत हाय. सांगता येत नाय, हे मला म्हाईत हाय."

"ताई, आकडेवारीत दोन्ही सारखंच."

"त्या बाईला सारखं नाय."

ते भांडण मिटलं नाही. मी अजूनही म्हणेन की आकड्यांच्या तक्त्यात शब्द घालता येत नाही, आणि तुम्ही अजूनही म्हणाल की मग तो तक्ता काय कामाचा. आता तुम्ही उत्तर देणार नाही म्हणून मी जिंकले असं समजत नाही.

पण तुमचे कागद मी घेतले आणि त्यांचं सहावं प्रकरण केलं. मनापासून केलं. अकरा वाड्यांचा नकाशा काढला, दोन वाटा दोन रंगांत दाखवल्या, कुठे साकव बांधला तर किती वाड्यांचा वळसा वाचेल ते लिहिलं, आणि पावसाळ्यापुरती उपकेंद्राजवळ बायकांना दिवस भरायच्या आधी येऊन राहता येईल अशी एक खोली असावी, अशी शिफारस केली. तांदळाच्या पिशवीचं काय करायचं ते कळेना, तेव्हा मी त्याला 'भारित चाल पद्धत' असं नाव दिलं. ते फोनवर वाचून दाखवलं तर तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. मग एकदम म्हणालात, "साकव होईल काय गो खरंच?" मी म्हटलं, शिफारस तर जाते आहे.

ती गेली नाही.

ऑगस्टच्या अखेरीला मी अहवाल पाठवायला बसले. समोर कार्यकक्षा उघडी होती. माझ्या डोक्यात खात्याची बैठक सुरू झाली. एक जण विचारत होता, हे साधन कुणी मंजूर केलं? दुसरा म्हणत होता, ही बाई तेव्हा तुमच्या कामावर होती का? तिसरा तांदळाची पिशवी ऐकून हसत होता आणि मग सगळी खोली हसत होती. शंका निघाल्या असत्या तर अहवाल अडकला असता, शेवटचा हप्ता अडकला असता, कापड्याच्या त्या चार मुलींचे पैसे राहिले असते. असं मी स्वतःला सांगितलं. मुलींचं नाव पुढे केलं की फार बरं वाटतं. खरं म्हणजे मला त्या हसण्याची भीती वाटली. आणि पुढचा अभ्यास आमच्या संस्थेला मिळायच्या बेतात होता, तेव्हा कटकट करणारी बाई असं नाव व्हायला नको होतं. मी सहावं प्रकरण उचलून वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. सातव्याचं सहावं केलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

कुणी सांगितलं नव्हतं, ताई. साधा फोनसुद्धा नव्हता आला.

पुढचं तर मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुंबईला सादरीकरण होतं. मोठं टेबल, पाण्याच्या बाटल्या, मी पडद्यावर एकेक पान दाखवते आहे. माहितीचा अभाव, सासूचा निर्णय, घरी बाळंत होण्याची रीत. ज्या साहेबांना मी सगळ्यात जास्त घाबरत होते, त्यांनी मध्येच हात वर केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पावसाळ्यात ही माणसं येतात कशी? तिकडे ओढे-नाले फार आहेत ना?"

माझ्या लॅपटॉपमध्ये ती फाइल होती. दोन बोटं हलवली असती तर पडद्यावर तुमचा नकाशा आला असता.

मी म्हटलं, "त्याची माहिती या अभ्यासात नाही, सर."

त्यांनी मान डोलावली आणि पुढचं पान घ्या म्हणाले.

अहवाल स्वीकृत झाला. त्याच्या आधारावर पुढच्या वर्षी समुपदेशनाचा कार्यक्रम आला. वाड्यांच्या भिंतींवर चित्रं रंगवली गेली, पथनाट्याची मंडळी जीपने येऊन गेली. वरच्या वाडीच्या शाळेच्या भिंतीवर सासूने सुनेला दवाखान्यात न्यावं असं मोठं चित्र आहे. तुम्ही ते बघून आलात आणि फोनवर म्हणालात, "चित्र झ्याक हाय. आता तेवढं ओढ्याला नेऊन दाखव." सासवांची बाजू घेताना मी तुम्हाला पहिल्यांदाच ऐकलं. त्या सासवाच तर डोली खांद्याला लावून उभ्या असतात, असं तुम्ही म्हणालात.

त्याच पावसाळ्यात त्या वाडीतल्या एका बाईचं मूल धारेवरच्या वाटेत गेलं. बाई वाचली. तुम्ही मला ते दोन वाक्यांत सांगितलंत आणि मग माझ्या आईची तब्येत विचारलीत. साकव असता तर मूल जगलं असतं, असं मला लिहिता येत नाही. एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये, हे मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी शिकवते. संशोधक म्हणून मी तो काढला नाही. माणूस म्हणून मात्र त्याच क्षणी काढला, आणि तो अजून बदललेला नाही.

त्यानंतर तुम्ही मागे लागलात. खात्याला पत्र लिही. साहेबांना भेट. मी आज उद्या करत राहिले. गेल्या दिवाळीत तुम्ही फराळाचा डबा घेऊन आईकडे आलात आणि जाता जाता म्हणालात, "मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू काय? कुणी काढलं ते नाव तरी कळंल."

मी म्हटलं, "कशाला ताई, जुनं झालं आता ते."

मी फार पटकन म्हटलं. तुम्ही चपला घालत होतात. थोडा वेळ तशाच वाकलेल्या राहिलात, मग सरळ होऊन "बरं" म्हणालात. तुम्ही इतक्या सहज 'बरं' म्हणणाऱ्या बाई नव्हतात. तिथेच मला बोलायचं होतं. आई आतून रिकामा डबा न्यायला सांगत होती, तुम्ही डबा घेतलात आणि गेलात. तीच आपली शेवटची भेट असेल असं वाटलं नव्हतं, वगैरे सगळेच लिहितात, म्हणून मी लिहीत नाही. पण नव्हतं वाटलं.

तुम्ही गेल्यावर झालेल्या पुण्यानुमोदनाला मी आले होते. विहारात बसायला जागा नव्हती, बाहेर मांडव घातला होता. अकराही वाड्यांतून माणसं उतरली होती, मराठ्यांच्या वाड्यांतलीही, धनगरवाडीचीही. वंदना झाल्यावर शोकसभा सुरू झाली. एकेक जण माईकपाशी येऊन दोन शब्द बोलत होता. कुणाच्या घरातलं कुठलं मूल तुमच्या हातावर जन्मलं, याचीच यादी होत होती. एक दाढीवाला बाप्या म्हणाला, "मी बी त्यांच्याच हातावरचा," आणि त्याने माईक पुढच्याकडे दिला. मग वरच्या वाडीच्या शाळेचे निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, बाईंनी पोटाला तांदूळ बांधून आपल्या वाटा मोजल्या आणि सरकारने ते काम दडपलं. पुण्याच्या मॅडम इथे आहेत, त्या साक्षीदार आहेत.

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला माईकपाशी नेलं. मी म्हटलं, प्रमिलाताईंसारखी कार्यकर्ती मी पाहिली नाही, त्यांना माझी भावपूर्ण आदरांजली. आणि खाली बसले. लोकांनी समजून घेतलं. एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "लई जवळच्या व्हत्या ना तुमच्या." त्या हाताखाली बसवेना.

चहाच्या वेळी वैशालीने मला बाजूला नेलं. म्हणाली, "मावशी, आईच्या कपाटात माहिती अधिकाराचा अर्ज सापडला. पूर्ण लिहिलेला. दहा रुपयांचं तिकीटसुद्धा चिकटवलेलं. टाकला नाय. दिवाळीनंतर ती तो लिहिताना मी बघितलं होतं, तेव्हा विचारलं होतं तिला, का टाकत नाय? तर म्हणाली, जाऊ दे, मंजीला त्रास होईल."

मी तिला विचारलं, कसला त्रास? खात्याशी संबंध बिघडतील म्हणून? का आणखी काही?

"ते नाय बोलली," वैशाली म्हणाली.

त्या दिवसापासून मी हे एकच वाक्य घेऊन बसले आहे. तुम्हाला ठाऊक होतं का, ताई? ठाऊक असून तुम्ही मला वाचवलंत, का मी खरी वाटले म्हणून वाचवलंत? दोन्हींतलं कुठलं बरं, तेही मला ठरवता येत नाही. रागावला असतात तर मी रडले असते, माफी मागितली असती आणि मोकळी झाले असते. तुम्ही मला तेवढीही सोय ठेवली नाहीत. आणि तरी, एवढं सगळं लिहूनही, मला तुमचा राग येत नाही. फक्त फार आठवण येते. तुमच्याइतकं मला कुणी टोचून बोललं नाही आणि तुमच्याइतकं प्रेमाने कुणी टोचलंही नाही.

स्मरणिकेचं पान मागितल्यावर मी दोन गोष्टी केल्या. गुरुजींना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "हे तुम्ही तिथं बोलायला पायजे होतं." मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग आता लिहा. वाड्यांत वाचून दाखवू." म्हणून हे लिहिलं आहे, आणि वाचून दाखवणाऱ्याने यातला एकही शब्द गाळू नये, एवढी विनंती आहे.

दुसरं, सहावं प्रकरण खात्याला पाठवलं, वर पत्र जोडून, की हे मी स्वतः वगळलं होतं. परवा तिथून एका तरुण डॉक्टरबाईंचा फोन आला. चांगलं बोलल्या. म्हणाल्या, मॅडम, स्वीकृत अहवालात आता बदल होत नाही, आणि ही नोंद एकाच व्यक्तीची, तीही इतकी जुनी, तिच्यावर साकव मागता येणार नाही. पण नवे विषय मागवले आहेत, टिपण द्या. मंजुरी आली तर जानेवारीत येईल. मी विचारलं, आणि काम मार्चात? त्या हसल्या. म्हणाल्या, हो, ते तसंच आहे. मग म्हणाल्या, दोन वेगवेगळ्या माणसांनी, दोन वेगवेगळ्या पावसाळ्यांत केलेली मोजणी हातात असेल तर मात्र मी कार्यकक्षाच वेगळी लिहून घेईन.

एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. त्या जुलैत, अकरा वाड्या चालायला सुरुवात करण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला फोन केला होतात. म्हणालात, "ये गो मंजे. सगळ्या नको, एक वाडी चाल माझ्याबरोबर. मग काय लिवायचं ते लिव." मी म्हटलं, ताई, इथे फार काम आहे, तुम्ही कागद पाठवा, मी इथून बघते. मी आले असते आणि ती चढण एकदा दमत चढले असते, तर ऑगस्टमध्ये माझा हात चालला नसता, एवढं मला नक्की कळतं.

मंजुरी जानेवारीत येईल तेव्हा येईल. आषाढ त्याच्या आधी आहे. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. वैशाली बरोबर येणार आहे. पावसाळ्याच्या सगळ्या वाटा तिलाही माहीत नाहीत, आम्ही विचारत विचारत जाऊ. मी तुमच्यासारखी चालणारी नाही, गुडघे आत्ताच कुरकुरतात, बऱ्याच ठिकाणी बसावं लागेल. वेळ तुमच्यापेक्षा जास्त लागेल. जेवढा लागेल तेवढाच लिहीन.

तुमची,
मंजी